गिरणीचा भोंगा आणि नारायणराव लोखंडे

हजेरीपटाचा इतिहास लिहिण्याच्या फंदात सहसा कोणी पडत नाही. शाळेतील शिक्षक असो की कचेरीतील कारकून, उशिराच्या तीन लाल खुणा साचल्या की एक किरकोळ रजा खर्ची पडते एवढे त्याला अनुभवाने ठाऊक असते आणि तेवढ्यावर तो विषय संपतो. सहीच्या जागी आता अनेक ठिकाणी बोटाचा ठसा घेणारे यंत्र आले, तरी प्रश्न तोच विचारला जातो : नोकर वेळेवर आला की नाही? मालकाने त्याला वेळेवर सोडले काय, वेळेवर जेवू दिले काय, ठरल्या तारखेस त्याचा पगार दिला काय, हे विचारणारा हजेरीपट अद्याप कोणी छापलेला नाही. मुंबईच्या गिरण्यांना हे प्रश्न एकोणिसाव्या शतकातच लेखी स्वरूपात विचारले गेले. ते विचारण्यात पुढाकार घेणारे गृहस्थ स्वतः काही काळ कारकुनी केलेले होते. त्यांचे नाव नारायण मेघाजी लोखंडे.

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाणे येथे, फुलमाळी समाजातील एका सामान्य कुटुंबात झाला. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण त्या काळी थोडके नव्हते. त्या बळावर त्यांना प्रथम रेल्वेत व मग टपालखात्यात नोकरी मिळाली. पुढे ते मुंबईतील मांडवी गिरणीत भांडारपाल, म्हणजे त्या वेळच्या भाषेत स्टोअरकीपर, झाले. चरित्राच्या दृष्टीने ही नोकरी सर्वांत महत्त्वाची म्हटली पाहिजे. रेल्वे आणि टपाल ही दोन्ही खाती घड्याळाच्या काट्यावर चालणारी. तेथील माणसाला कामाचे तास माहीत असत, रविवार माहीत असे, पगाराची तारीखही माहीत असे. अशा खात्यांतून आलेला लिहितावाचता माणूस गिरणीच्या कोठारात जाऊन बसला आणि यंत्रावर काम करणाऱ्यांचा दिवस त्याने जवळून पाहिला. दोन जगांतील हा फरक डोळ्यांत भरण्यासाठी निराळ्या तत्त्वज्ञानाची गरज नव्हती.

तो दिवस कसा होता? मुंबईत कावसजी दावर यांनी पहिल्या कापड गिरणीची कंपनी १८५४ साली काढली. १८९० च्या सुमारास शहरात सत्तरएक गिरण्या आणि त्यांत साठ हजारांच्या आसपास कामगार झाले होते. रत्नागिरी, सातारा, पुणे या भागांतून आलेली ही माणसे. गिरण्यांत विजेचे दिवे सर्रास येण्यापूर्वीचा हा काळ असल्याने यंत्र सूर्यप्रकाशावर चाले, म्हणजे सूर्योदय ते सूर्यास्त. हे ऐकावयास निसर्गाला धरून वाटते. शेतकरीही सूर्याबरोबरच उठतो, असे गिरणीमालकांच्या बाजूने सहज म्हणता येई. परंतु शेतकरी बांधावर बसून भाकरी खातो, ऊन चढले की झाडाखाली टेकतो. गिरणीत मधल्या सुटीचा नियम नव्हता. यंत्र चालूच राही आणि शेजाऱ्याकडे आपले काम सोपवून, जमेल तसे चार घास खावे लागत. शिवाय सूर्य बाराही महिने सारखा दिवस देत नाही. मुंबईत डिसेंबरात दिवस अकरा तासांच्या आसपास असतो, जूनमध्ये तो तेरा तासांच्या वर जातो. म्हणजे महिन्याचा पगार तोच, पण पंचांगाप्रमाणे कामाचे तास वाढत जाणार, आणि वाढलेल्या तासांचा हिशेब कोणाच्याच वहीत नाही.

घड्याळ मात्र मालकाजवळ होते. मुंबईच्या किल्ल्यात राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला, परंतु परळच्या चाळीत राहणाऱ्याला त्याच्या काट्यांचा काय उपयोग? ज्याच्या घरात घड्याळ नाही त्याला गिरणीच्या भोंग्यावर किंवा कोंबड्याच्या आरवण्यावर भिस्त ठेवावी लागे. उशीर होऊ नये म्हणून तो उगाच लवकर निघे, आणि झालाच तर दंड ठरलेला. गिरणीत कोणाला घ्यावे, कोणाला परत धाडावे, हे जॉबरच्या हाती असे. एखादा गैरहजर राहिला तर दाराशी उभ्या असलेल्या बदलीवाल्याला आत घेतले जाई. पुढे विसाव्या शतकातील मजूरविषयक चौकश्यांत 'डबल खाडा' या नावाच्या प्रथेचा उल्लेख येतो. एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापावयाची, असा तो व्यवहार होता. कामगाराच्या एका दिवसाची किंमत मजुरी देताना एक आणि कापताना दोन, हे गणित कोणत्याही शाळेत शिकवले जात नव्हते.

पगाराची गोष्ट याहून वाईट होती. एका महिन्याची मजुरी दुसऱ्या महिन्याच्या मध्यापर्यंत, प्रसंगी त्याही पुढे, थकवून ठेवली जाई. यात केवळ हिशेबनिसांची दिरंगाई नव्हती. थकलेली मजुरी हे मालकाच्या हातातील दावे होते. न सांगता काम सोडणाऱ्याला त्या रकमेवर पाणी सोडावे लागे, म्हणून पेरणीला गावी जाणारा माणूस परतेल याची हमी त्याच्याच पैशात मालकाला मिळे. दरम्यान वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज यांच्या तारखा मात्र पुढे ढकलल्या जात नसत.

लोखंडे हे जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते होते. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली पुण्यात 'दीनबंधू' हे साप्ताहिक सुरू केले होते. पैशाअभावी ते चालवणे अशक्य झाले तेव्हा १८८० मध्ये लोखंडे यांनी ते मुंबईस आणले आणि अखेरपर्यंत त्याचे संपादन केले. शेतकऱ्यांच्या व मागासलेल्या जातींच्या प्रश्नांबरोबरच गिरणीतील कामगाराचे गाऱ्हाणे या पत्राच्या स्तंभांत नियमाने येऊ लागले. ही गोष्ट वाटते तितकी साधी नव्हती. त्या काळची बहुतेक राष्ट्रीय वृत्तीची वृत्तपत्रे, टिळकांचा 'केसरी' त्यांत आलाच, कारखान्यांच्या कायद्यांकडे संशयाने पाहात होती. तो संशय निराधार नव्हता. मँचेस्टरच्या कापडवाल्यांना मुंबईच्या गिरण्यांची स्पर्धा नकोशी झाली होती, आणि हिंदी मजुरांचे तास कमी करा म्हणून विलायतेत जो कळवळा उमटे त्यात त्यांच्या नफ्याचा वाटा मोठा होता. नव्याने उभा राहणारा देशी उद्योग परक्यांच्या दबावाखाली मोडू नये, ही भूमिका समजण्यासारखी आहे. परंतु कळवळा खोटा असला तरी दुखणे खरे असू शकते. मँचेस्टरला काय हवे यावरून परळच्या बाईने दुपारी अर्धा तास बसावे की नाही हे ठरवणे लोखंडे यांना मान्य नव्हते. त्या काळातील सुशिक्षितांच्या गर्दीत ही जागा पुष्कळशी एकाकी होती.

१८८१ साली हिंदुस्थानातील पहिला कारखानेविषयक कायदा झाला. शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांना तो लागू होता. सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवू नये, सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, त्यांना महिन्यातून चार सुट्या द्याव्या, एवढेच त्याने केले. मोठ्या माणसांविषयी कायदा गप्प होता. म्हणजे आठ वर्षांच्या मुलाला महिन्यातून चार दिवस घरी राहण्याचा हक्क मिळाला आणि त्याच्या आईबापांना एकाही दिवसाचा मिळाला नाही.

या कायद्यात दुरुस्ती करावी काय, हे पाहण्यासाठी मुंबई सरकारने १८८४ साली मुलॉक यांच्या अध्यक्षतेखाली एक चौकशी समिती नेमली. त्या सप्टेंबर महिन्यात लोखंडे यांनी परळ भागात कामगारांच्या सभा भरवल्या. एक निवेदन तयार झाले आणि त्यावर पाच हजारांहून अधिक कामगारांनी सह्या-अंगठे केले. मागण्या मोजक्या होत्या. दर रविवारी सुटी मिळावी. दुपारी अर्धा तास काम थांबावे. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे. एका महिन्याची मजुरी पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावी. आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत मजुरी, कायमचा अधू झाल्यास निर्वाहाची सोय मिळावी.

यातील साडेसहाची मागणी जरा थांबून पाहण्याजोगी आहे. त्या वेळी मुंबईत स्थानिक वेळ चाले. ती आजच्या भारतीय प्रमाण वेळेच्या ३९ मिनिटे मागे होती. त्या घड्याळाप्रमाणे ऐन हिवाळ्यात सूर्य साडेसहाच्या आसपास उगवतो आणि जूनच्या आरंभी साडेपाचच्याही आधी. तेव्हा साडेसहा ही वेळ मागताना कामगार मालकांपाशी एवढेच म्हणत होते की हिवाळ्यात जी वेळ तुम्हांला चालते तीच बारा महिने चालू द्या. थंडीच्या दिवसांत मालकांचे यामुळे एका मिनिटाचेही नुकसान नव्हते, आणि उन्हाळ्यात सकाळचा सुमारे एक तास जात होता. संध्याकाळ तर सूर्याकडेच सोडून दिलेली. आठ तासांची घोषणा विलायतेत व अमेरिकेत तोवर दुमदुमू लागली होती. येथे मागणी होती ती साडेअकरा तासांच्या आतबाहेरच्या दिवसाची. इतक्या मिताहारी मागण्यांचे निवेदनही समितीपुढे गेले आणि तेथेच राहिले.

मालकांचा युक्तिवाद ठरावीक होता, आणि तो सर्वस्वी खोटाही नव्हता. गिरणीकामगार हजेरीला पक्का नाही, तो मनाला येईल तेव्हा घरी बसतो, शिमगा-गणपतीला आणि पेरणीला गावी निघून जातो, मग त्याला आणखी सुटी कशाला? सणावारी वर्षातून काही दिवस गिरण्या बंद राहात असतच. मात्र बंद दिवशीही यंत्रे पुसण्यासाठी कामगारांना बोलावले जाई आणि अर्धा दिवस त्यातच जाई. गैरहजेरीचे खापर कामगाराच्या स्वभावावर फोडणे सोपे होते. ज्याला आठवड्यातून एकही दिवस हक्काचा मिळत नाही तो शरीर मोडले की एखादा दिवस चोरतो, एवढे साधे कारण दिसण्यासाठी गिरणीच्या कार्यालयातील खुर्चीवरून उठावे लागले असते. मागणीचा खरा अर्थ असा होता की चोरून घ्यावी लागणारी विश्रांती उघडपणे, ठरल्या वारी, सर्वांना एकदम मिळावी.

सहा वर्षे अर्जविनंत्यांत गेली. या काळात बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन या नावाने लोखंडे काम करीत होते व तिचे अध्यक्ष म्हणून सरकारदरबारी पत्रव्यवहार करीत होते. या संस्थेला कामगार संघटना म्हणावे की नाही यावर अभ्यासकांनी बरीच शाई खर्च केली आहे. तिला वर्गणीदार सभासद नव्हते, निधी नव्हता, घटना नव्हती, हे आक्षेप खरे आहेत. संप हे तिचे हत्यार नव्हते. अर्ज, सभा व वर्तमानपत्र एवढीच तिची सामग्री. पण ज्या कामगाराचा मागच्या महिन्याचा पगारच हाती आलेला नाही त्याने वर्गणी कोठून भरावी, हा प्रश्न आक्षेपकांनी बाजूला ठेवलेला दिसतो.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर सभा भरली. सुमारे दहा हजार कामगार जमले होते. दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. त्या दोघींची भाषणे हा त्या सभेतील सर्वांत मोलाचा प्रसंग मानला पाहिजे. सभेने आठवड्याच्या सुटीची मागणी मालकांच्या संघाकडे पाठवली. १८७५ साली स्थापन झालेल्या या संघाने अखेर १० जून १८९० रोजी रविवारी गिरण्या बंद ठेवण्याचे मान्य केले.

रविवारच का, याविषयी महाराष्ट्रात एक गोष्ट आवडीने सांगितली जाते : रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून लोखंडे यांनी तो मागितला. घाटावरून आलेल्या पुष्कळ कामगारांच्या घरी जेजुरीचा देव होता, तेव्हा हे कारण त्यांना जवळचे वाटले असेल यात नवल नाही. पण त्याच्या जोडीला रोकडा व्यवहारही होता. सरकारी कचेऱ्या रविवारी बंद असत. साहेबाचा वार मागितला की साहेबाला नाही म्हणणे अवघड जाते. १० जूनचा दिवस भारतातील रविवारच्या सुटीचा जन्मदिवस म्हणून अलीकडे साजरा होतो, त्यात थोडी अतिशयोक्ती आहे. कारकुनाला रविवार आधीपासून होता. त्या दिवशी तो मिळाला मुंबईच्या गिरणीकामगाराला.

त्याच वर्षी केंद्र सरकारने लेथब्रिज यांच्या अध्यक्षतेखाली कारखाना आयोग नेमला, आणि मुंबईतील कामकाजापुरते लोखंडे यांना त्याचे सहयोगी सदस्य करण्यात आले. त्यातून १८९१ चा कायदा झाला. पन्नास माणसांच्या कारखान्यापर्यंत त्याची कक्षा वाढली, कामाच्या दिवसाच्या मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती आली, आठवड्याची सुटी कायद्याने बांधली गेली. स्त्रियांच्या कामाला अकरा तासांची आणि नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांच्या कामाला सात तासांची मर्यादा पडली. प्रौढ पुरुषांचे तास मात्र मोकळेच राहिले. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले तेव्हा याचा अर्थ काय होतो ते दिसले. सूर्यास्ताची एकमेव मर्यादाही नाहीशी झाली आणि दिवस तेरा-चौदा तासांपर्यंत लांबला. कापड गिरण्यांतील पुरुषांना बारा तासांची मर्यादा मिळण्यासाठी १९११ साल उजाडावे लागले. दुपारच्या अर्ध्या तासाबरोबरच सूर्यास्ताची अटही कायद्यात घालून घेता आली असती तर एका पिढीचे कष्ट वाचले असते. तेवढे बळ लोखंडे यांच्या मागे नव्हते.

लोखंडे यांच्या आयुष्यातील इतर कार्य थोडक्यात सांगण्यासारखे नाही, तथापि येथे त्याला ओझरता स्पर्शच शक्य आहे. विधवांच्या केशवपनाविरुद्ध मुंबईतील नाभिकांनी १८९० मध्ये जो संप केला त्यामागे त्यांची प्रेरणा होती. १८९३ च्या हिंदू-मुसलमान दंग्याच्या वेळी शांततेसाठी त्यांनी वस्त्यांतून काम केले. पुढे सरकारने त्यांना रावबहादूर केले. अर्जाच्या तळाशी अंगठे गोळा करणाऱ्या माणसाला सरकारी किताब मिळावा याचे कोणाला कौतुक वाटले, कोणाला खटकले. त्यांच्या अर्जांची भाषा त्यामुळे बदलली असे मात्र दिसत नाही.

१८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईत प्लेग शिरला. वस्त्याच्या वस्त्या रिकाम्या होऊ लागल्या. गिरणीकामगार बोचकी बांधून गावाकडे निघाले. हजेरीपटावरील नावांपुढे ओळीने खाडे पडले आणि ते कापून वसूल करण्यासारखे मजुरीत काही उरले नाही. लोखंडे शहर सोडून गेले नाहीत. रोग्यांच्या शुश्रूषेच्या व्यवस्थेत ते गुंतले होते, त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये, पन्नाशी गाठण्यापूर्वीच, त्यांचा अंत झाला. पुढच्याच महिन्यात पुण्यास सावित्रीबाई फुले याच रोगाने गेल्या.

त्यांच्या निवेदनातील मागण्यांपैकी काही फार उशिरा फळल्या. कामावर झालेल्या इजेची भरपाई १९२३ च्या कायद्याने आली. मजुरी कोणत्या तारखेच्या आत द्यावी आणि गैरहजेरीबद्दल गैरहजेरीच्या प्रमाणापेक्षा अधिक पैसे सामान्यतः कापू नयेत, हे ठरवण्यास १९३६ साल उजाडले. लोखंडे यांनी महिन्याची १५ तारीख मागितली होती. त्या कायद्याने हजाराहून कमी माणसे असलेल्या आस्थापनांना ७ तारीख आणि मोठ्यांना १० तारीख घालून दिली. मधे बावन्न वर्षे गेली होती.

मजुरी वेळेवर देणे गिरण्यांना जमण्यासारखे नव्हते काय? याचे उत्तर त्या प्लेगच्या दिवसांतच मिळाले. हात मिळेनासे झाले तेव्हा मुंबईच्या रस्त्यांच्या नाक्यांवर कामगारांसाठी मालकांची बोली चालू लागली, आणि दीड-दीड महिना मजुरी थकवून ठेवणाऱ्या गिरण्या संध्याकाळी यंत्र थांबताच त्या दिवसाचे पैसे त्याच दिवशी रोख मोजून देऊ लागल्या. साथ ओसरल्यावर मालकांनी पुन्हा महिन्याच्या हिशेबावर जाण्याचा प्रयत्न केला तेव्हा १८९७ मध्येच काही गिरण्यांतील कामगारांनी त्याविरुद्ध काम बंद ठेवले. त्या वेळी 'दीनबंधू'च्या संपादकाची खुर्ची रिकामी होती.